आवृत्ती एकदाच लिहा, आणि आतच लिहा

ज्ञानेश्वरीच्या दोन छापील प्रती शेजारीशेजारी ठेवल्या की ओव्यांचे आकडे पुढेमागे होतात, काही ठिकाणी शब्दही बदलतात. मुक्ताईनगरसारख्या वारकरी गावाला हे नवे नाही. वाचताना ओवीचा क्रमांक जुळला नाही की शेजारचा आधी विचारतो, 'तुमची प्रत कोणती?' ग्रंथ एकच असला तरी हातातली प्रत कोणती हे कळल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅमबाबत हाच प्रश्न रोज विचारला जातो. बिल छापणारा प्रोग्रॅम अडला, फॉन्टमधले एखादे जोडाक्षर तुटले, अ‍ॅप उघडेना झाले की मदत करणाऱ्याचा पहिला सवाल असतो, 'व्हर्जन कोणते?' उत्तर एका छोट्या आकड्याचे असते. पण तो आकडा पॅकेजमध्ये कुठे ठेवायचा, किती ठिकाणी ठेवायचा आणि कसा वाचायचा, यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आजवर अनेक मार्ग चोखाळले. त्या मार्गांचा हा आढावा आहे. पुण्या-मुंबईपासून दूरच्या, इंटरनेट येते-जाते अशा गावात बसून काम करणाऱ्याला त्यातला कोणता मार्ग उपयोगी पडतो, हेही त्यात तपासायचे आहे.

पोथीच्या शेवटी केलेली नोंद

आपल्याकडे हा प्रश्न संगणकाच्या फार आधी सुटला होता. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष येते आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नावही येते. पुढे जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी पाठभेदांनी भरलेला हा ग्रंथ शुद्ध केला. तेही काम त्यांनी ग्रंथाच्या शेवटीच नोंदवले. केव्हा केले, कोणी केले, काय केले ते तिथे सांगितले आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, असेही बजावले. प्रत कोठेही गेली तरी ही नोंद तिच्याबरोबर जाते. मठातली यादी किंवा कोणाची आठवण यांच्यावर ती विसंबत नाही.

या नोंदीचा उपयोग खानदेशाशी नाते असलेल्या एका संशोधकाच्या कामात दिसतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि १९२६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक प्रत छापून प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे मत मांडले. त्या मतावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. तो वाद घालता आला, कारण एकनाथांनी आपली शुद्ध प्रत कोणत्या सालची हे ग्रंथातच लिहून ठेवले होते. 'एकनाथपूर्व' आणि 'एकनाथांनंतरची' अशी विभागणी त्या एका नोंदीमुळे शक्य झाली. १९६० साली महाराष्ट्र शासनाने ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा राजवाड्यांचीच प्रत पायाभूत धरली गेली.

आकड्यातून काय कळते

सॉफ्टवेअरमध्ये सालाऐवजी बहुतेक वेळा टिंबांनी जोडलेले आकडे असतात. त्यांची सर्वांत रूढ पद्धत गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी शब्दबद्ध केली. तिचा २.०.० हा मसुदा २०१३ चा आहे. तीन आकड्यांपैकी शेवटचा नुसत्या दुरुस्तीला वाढतो, मधला नवी सोय आली की वाढतो आणि पहिला जुने काम मोडणारा बदल झाला की वाढतो. म्हणजे २.४.१ वरून २.४.२ वर बिनधास्त जावे, ३.०.० वर जाताना मात्र आधी वाचून घ्यावे. दुसरी पद्धत तारखेची. उबुंटू या लिनक्स प्रणालीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१०. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमसाठी वेगळीच वाट धरली. प्रत्येक दुरुस्तीला पाय या गणिती स्थिरांकाचा एक अंक वाढतो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे.

पद्धत कोणतीही घ्या, हा आकडा दशांश अपूर्णांक नाही आणि नुसती अक्षरांची ओळही नाही. ३.१० ही ३.९ च्या पुढची आवृत्ती आहे. हे विसरल्याने खरोखर घोळ झाले आहेत. पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा आवृत्तीची पहिली तीनच अक्षरे कापून घेणाऱ्या प्रोग्रॅमांना ती ३.१ वाटू लागली. खरे तर पायथनने पेप ४४० या दस्तऐवजात आवृत्तीचे लेखन आणि तुलनेचे नियम त्याआधीच ठरवून दिले होते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या नियमांत तर लहरीच्या चिन्हालाही (~) अर्थ आहे. ते चिन्ह लावलेली चाचणी आवृत्ती पक्क्या आवृत्तीच्या आधीची मानली जाते.

एक आकडा, सहा जागा

घोळाचे मूळ मात्र आकड्याच्या रूपात कमी आणि तो कुठे लिहिला जातो त्यात जास्त असते. एखादे मध्यम आकाराचे पॅकेज उघडून पाहा. आवृत्ती कोडमध्ये असते, पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये असते, वाचकांसाठीच्या रीडमी फाइलमध्ये असते, बदलांच्या यादीत असते, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या टॅगमध्ये असते आणि 'अबाउट' म्हणून उघडणाऱ्या खिडकीतही असते. सहाही ठिकाणी हाताने लिहायची म्हटली तर घाईच्या रात्री एखादी जागा सुटतेच. मग प्रोग्रॅम सांगतो २.१, पॅकेज सांगते २.२, आणि दुरुस्ती झाली की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर आणि दुकानदाराच्या वहीतला नंबर वेगळे निघाले तर शेतकरी तक्रार कशाच्या आधारावर करणार? इथेही तसेच आहे. म्हणून सगळ्या चांगल्या पद्धतींचा रोख एकच असतो. आकडा एका जागी लिहायचा आणि बाकीच्या सर्व जागांनी तो तिथून घ्यायचा. मतभेद आहेत ते ही एक जागा कोणती, एवढ्यापुरतेच.

पहिला मार्ग: कोडमधली एक ओळ

पर्ल भाषेने हा मार्ग लवकर रुळवला. प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'व्हर्जन' नावाचा एक चल असतो आणि पॅकेज बांधणारे साधन फाइलमधली तेवढीच ओळ शोधून वाचते. फक्त ती एक ओळच वाचली जात असल्याने ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी असावी लागते, दुसऱ्या कशावर अवलंबून चालत नाही. या बंधनाने पर्लच्या लेखकांना चांगली शिस्त लावली.

पायथनमध्येही आवृत्ती एका चलात ठेवण्याचा रिवाज पडला, पण बांधणीच्या वेळी ती वाचायची कशी यावर गाडी अडली. काहींनी पॅकेजच चालवून त्यातून आकडा काढला. पण पॅकेज चालायला दुसरी पॅकेजे लागतात आणि ती अजून बसवलेलीच नसतात, त्यामुळे बांधणी पहिल्याच पायरीवर कोसळायची. काहींनी फाइल मजकूर म्हणून वाचून त्यातून आकडा शोधला. ती युक्ती चालते, पण प्रत्येकाची वेगळी असते. हल्लीची सेटअपटूल्स ही साधने आधी कोड न चालवताच ती ओळ वाचायचा प्रयत्न करतात. त्यामुळे साधी, थेट लिहिलेली ओळ असेल तर हा मार्ग आजही चांगला आहे. सगळ्या पायथन मॉड्यूलांनी असा चल ठेवावा, असा पेप ३९६ हा प्रस्ताव २०११ मध्ये मांडला गेला होता. पुढे तो नामंजूर झाला, कारण तोवर ओढा दुसऱ्या मार्गाकडे वळला होता.

दुसरा मार्ग: पॅकेजची माहिती हीच मूळ जागा

या मार्गात आवृत्ती कोडमध्ये लिहीतच नाहीत. ती पॅकेजच्या वर्णनाच्या फाइलमध्ये एकदा लिहायची. जावास्क्रिप्टमध्ये ती पॅकेज डॉट जेसन, रस्टमध्ये कार्गो डॉट टॉमल आणि पायथनमध्ये पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. रस्टचे साधन बांधणीच्या वेळी हा आकडा स्वतःहून कोडला पुरवते. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साधनात एका आज्ञेत आकडा वाढतो, बदल नोंदला जातो आणि गिटचा टॅगही पडतो. पायथनमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून बसवलेल्या पॅकेजची माहिती विचारण्याची सोय भाषेतच आली. त्यानंतर फ्लास्कसारख्या मोठ्या प्रकल्पाने २०२३ मध्ये कोडमधला जुना चल निवृत्त करायला घेतला आणि वापरणाऱ्यांना बसवलेल्या माहितीकडे वळवले.

या मार्गाला दोन अडचणी आहेत. पॅकेजचे नाव आणि कोडमध्ये वापरायचे नाव नेहमी एकच नसते. चित्रांवर काम करणारे पिलो कोडमध्ये पीआयएल म्हणून बोलावतात, ब्युटिफुलसूप४ बीएस४ म्हणून. आकडा विचारताना पॅकेजचे नाव द्यावे लागते आणि नवख्याची चूक इथेच होते. दुसरे असे की, पॅकेज रीतसर न बसवता नुसते फोल्डर उचलून चालवले तर ही माहिती सापडतच नाही. पेन ड्राइव्हवरून फोल्डर उतरवून कामाला लागणे ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे, तेव्हा ही अडचण किरकोळ समजू नये.

तिसरा मार्ग: गिटचा टॅग

मोठ्या चमूंना हा मार्ग आवडतो. आकडा कोणत्याच फाइलमध्ये लिहायचा नाही. प्रकाशनाच्या वेळी गिटमध्ये टॅग लावायचा आणि बांधणीच्या साधनाने तोच आकडा उचलायचा. पायथनमध्ये सेटअपटूल्स-एससीएम हे काम करते. गो भाषेत मॉड्यूलची आवृत्ती टॅगवरूनच ठरते आणि बांधलेल्या फाइलमध्ये कोणती मॉड्यूले कोणत्या आवृत्तीची आहेत, हे नंतरही विचारता येते. हाताने लिहायचे काही उरत नाही, टॅग आणि पॅकेज यांत तफावतही पडत नाही.

पण इतिहास वगळून फक्त फाइली हाती आल्या तर? गिटहबवरून झिप उतरवली की तिच्यात गिटचा इतिहास नसतो, आणि सेटअपटूल्स-एससीएम अशा फोल्डरमध्ये आवृत्ती ओळखता येत नाही असे सांगून थांबते. याला उपाय आहेत. रीतसर प्रसिद्ध केलेल्या मूळ पॅकेजमध्ये बांधणीच्या वेळी आकडा एका फाइलमध्ये लिहिलेला असतो, आणि झिप बनताना आकडा भरण्याची सोय गिटमध्येही आहे. तरी तत्त्व पाहा. या मार्गात आकडा वस्तूच्या बाहेर राहतो आणि तो आत आणण्याची जबाबदारी कोणीतरी आठवणीने पार पाडावी लागते.

चौथा मार्ग: साधा मजकूर

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमी बोलला जाणारा मार्ग हा आहे. लिनक्स कर्नलच्या मुख्य मेकफाइलच्या सुरुवातीलाच आवृत्तीचे भाग एकाखाली एक लिहिलेले असतात. लाखो ओळींच्या त्या प्रकल्पाचा आकडा कोणीही फाइल उघडून पहिल्या काही ओळींत वाचू शकतो. डेबियनच्या पॅकेजची आवृत्ती बदलांच्या यादीच्या सर्वांत वरच्या नोंदीवरून ठरते. त्यामुळे काय बदलले हे लिहिल्याशिवाय नवा आकडा तयारच होत नाही. एकनाथांच्या नोंदीशी सर्वांत जवळची रीत हीच. जगभरच्या घड्याळी वेळांचा डेटा वाटणारा टीझेड प्रकल्प आपल्या एकत्रित फाइलच्या पहिल्या ओळीत २०२४ए असा आकडा साध्या टिपणीसारखा लिहितो. फाइल एकटी भटकली तरी ती कोणती हे तीच सांगते.

पुण्याच्या फॉन्टचा धडा

मराठी वापरणाऱ्यांशी थेट संबंध असलेले उदाहरण लोहित देवनागरीचे आहे. हा फॉन्ट मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा. रेड हॅटने तो २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला आणि लिनक्सवर मराठी दिसू लागली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. फॉन्टच्या फाइलमध्ये आवृत्ती दोन जागी असते. एक जागा नावांच्या तक्त्यात, मजकुराच्या रूपात. दुसरी जागा मुख्य तक्त्यात, आकड्याच्या रूपात. लोहितची एक आवृत्ती २.९५.४ आहे. मजकुराच्या जागेत ती सरळ बसते. आकड्याच्या जागेत मात्र एकच पूर्णांक आणि त्याचा अपूर्णांक मावतो, दोन टिंबांचा आकडा तिथे लिहिताच येत नाही. याशिवाय फाइलीचे नाव, बदलांची यादी आणि फेडोराच्या पॅकेजची स्पेक फाइल आहेच.

मराठीला ल आणि श खास मराठी वळणाचे हवे असतात, जोडाक्षरांच्या मांडणीतही फॉन्टच्या आवृत्त्यांबरोबर फरक पडतो. छापखान्यातल्या संगणकावर एक आवृत्ती आणि लेखकाकडे दुसरी असली तर पडद्यावर दिसलेले पान आणि छापलेले पान वेगळे निघते. अशा वेळी फॉन्टच्या पोटातला आकडाच उपयोगी पडतो, आणि तो दोन जागी दोन तऱ्हांनी लिहिलेला असेल तर तोही कामाचा राहत नाही.

नावे बदलतात तेव्हा

प्रोग्रॅमइतकीच आवृत्तीची गरज डेटालाही असते. मुक्ताईनगर जुन्या नकाशांत आणि कागदांत एदलाबाद म्हणून सापडते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तालुक्यांची किंवा जिल्ह्यांची यादी असलेले पॅकेज ज्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे, त्याला आपली यादी या बदलांच्या आधीची की नंतरची हे कळायला हवे. प्रोग्रॅमचा आकडा तोच राहून यादी बदलू शकते, म्हणून यादीची आवृत्ती यादीतच हवी. एसक्यूलाइटच्या डेटाबेस फाइलमध्ये वापरणाऱ्याने आपला आवृत्ती क्रमांक लिहावा यासाठी शीर्षातच एक राखीव जागा आहे. एवढी सोय असूनही ती मोकळी सोडणे योग्य नाही.

आकडा सापडला नाही तर

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा घटकातली गंभीर त्रुटी जाहीर झाली. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात होत्या, २.१५.० मधली पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली आणि पाठोपाठ आणखी आवृत्त्या आल्या. जगभर प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती, आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ती. पण अनेक कंपन्यांनी हा घटक आपल्या मोठ्या फाइलमध्ये विरघळवून टाकला होता आणि तसे करताना त्याची माहितीची फाइल गळून गेली होती. तेव्हा आकडा वाचण्याऐवजी आतल्या फाइली एकेक करून शोधाव्या लागल्या.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाबणी-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. इथे मात्र एक आज्ञा देऊन आकडा विचारला की आपण सुरक्षित आहोत का हे बहुतेकांना लगेच कळत होते. डेबियनच्या चाचणी शाखेला मागच्या कोडवर परतायचे होते, पण पॅकेजचा आकडा खाली जाऊ शकत नाही. त्यांनी '५.६.१ प्लस रियली ५.४.५' असा आकडा दिला, म्हणजे नाव पुढचे पण आत खरोखर ५.४.५. दिसायला तो ओबडधोबड होता, पण खरे सांगत होता. भारतात सर्ट-इन या संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा यादीत घटकाच्या नावाशेजारी त्याची आवृत्ती लागते, आणि घटकाने स्वतःच ती सांगितली नाही तर यादी भरणार कशी?

निष्कर्ष

चारही मार्ग पाहिल्यावर माझे मत स्पष्ट आहे. आवृत्ती एकाच जागी लिहावी, ती जागा पॅकेजच्या आत असावी आणि ती साध्या मजकुरात असावी. टॅग लावावा, पण तो त्या आकड्यावरून लावावा. किंवा टॅगवरून आकडा घेत असाल तर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक प्रतीत तो लिहिला जातो याची खात्री करावी. छोट्या पायथन पॅकेजसाठी पायप्रोजेक्ट फाइलमधली एक ओळ पुरते. फोल्डर उचलून वापरले जाईल अशी शक्यता असेल तर तो आकडा कोडमधल्या थेट ओळीत ठेवावा आणि बांधणीच्या साधनाला तिथून वाचायला सांगावे. आज्ञेच्या खिडकीत आवृत्ती विचारली की प्रोग्रॅमने नाव आणि आकडा पहिल्याच ओळीत द्यावा. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतांत हे फार पूर्वीपासून सांगितले आहे. आकड्याबरोबर बदलांची दोन ओळींची नोंद ठेवावी, आणि डेटाला त्याची स्वतःची आवृत्ती द्यावी.

पुण्याच्या कार्यालयात बसून टॅगवर चालणारी यंत्रणा उभी करणे सोपे आहे, कारण तिथे इतिहास, इंटरनेट आणि विचारायला माणूस हे सगळे हाताशी असते. मुक्ताईनगर, यावल किंवा साक्रीच्या एखाद्या संगणकावर पोहोचलेल्या प्रतीजवळ यातले काही नसते. तिच्याजवळ फक्त ती स्वतः असते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्वांना म्हणूनच एक विनंती आहे. पुढचा प्रोजेक्ट जमा कराल तेव्हा त्याची आवृत्ती, तारीख आणि काय बदलले ते त्याच्या आतच, एकदाच आणि वाचता येईल असे लिहा. मग ती प्रत गिटचा इतिहास न घेता, निव्वळ फोल्डर म्हणून अनोळखी संगणकावर उघडून पाहा. तिथे ती आपली ओळख सांगत नसेल, तर ती द्यायला अजून तयार नाही असे समजा.